चिमरं

"वा, आज अगदी चिमरं झालंय," हे म्हणाले आणि भाकरीचा तुकडा पुन्हा ठेच्याला लावला.

मी तव्यावरची भाकरी उलटत होते. हात तसाच थांबला. "काय झालंय?"

"अं? तिखट. तिखट झालंय म्हटलं."

"नाही, तुम्ही दुसरंच काहीतरी म्हणालात."

"चिमरं म्हणालो असेन." मान खाली घालून ते जेवू लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ठेच्यानंही झाल्या असतील, पण मला तसं वाटलं नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... डोळ्यांत पाणी येतं, पण हात थांबत नाही. तसलं तिखट."

"कुठला शब्द हा?"

"असाच," ते म्हणाले. "भाकरी करपतेय बघ."

भाकरी खरंच करपली होती.

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हे, म्हणजे सर्जेराव मोहिते, सांगलीला पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे, पाटांचे नकाशे काढायचे. मी गावातल्या वाचनालयात नोकरीला होते. मराठी घेऊन एम. ए. केलेलं, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. वाचनालयात शब्दकोडी सोडवायला येणारे पेन्शनर कोशाच्या कपाटाकडे न जाता थेट माझ्या टेबलापाशी यायचे आणि मी कोश न उघडता त्यांना अडलेला शब्द सांगायचे. अशा बाईच्या हातचं जेवताना तिचा नवरा एक शब्द वापरतो आणि तो तिला माहीत नाही, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

पण खरं कारण शब्द हे नव्हतंच. पुढच्या दोन महिन्यांत तो शब्द आणखी चार-पाच वेळा आला. कधी पिठल्यावर, कधी कटाच्या आमटीवर. प्रत्येक वेळी नकळत यायचा आणि तो येताना ह्यांच्या तोंडावर एक हसू यायचं. ते हसू माझ्यासाठी नव्हतं. नवरा समोर बसून हसतोय आणि त्याचं हसू आपल्याला ओलांडून पलीकडे कुणाकडे तरी चाललंय, हे बाईला सांगावं लागत नाही.

मी कोश काढला. जाडजूड खंड, एकेक उचलताना मनगट दुखायचं. चिमटा होता, चिमणी होती, चिमूट होती, खाली चिरीमिरीसुद्धा होती. चिमरं नव्हतं. मग मी उलटीकडून शोधायला लागले. तिखट काढलं. तो शब्द 'तीक्ष्ण' पासून आलेला, हे मला ठाऊकच होतं. जुन्या मराठीत तिखे म्हणजे पोलाद. म्हणजे तिखट ही आधी धारेची गोष्ट, जिभेची नंतर. तिथून मिरचीवर गेले. मिरची आपली नव्हेच. चार-पाचशे वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडून जहाजातून आली. तोवर आपल्याकडे तिखट करायचं ते मिऱ्यांनी, आल्यानं, पिंपळीनं. ही बाहेरून आली, मिऱ्यांवरूनच स्वतःचं नाव घेतलं, आणि मिऱ्यांना फळीच्या मागच्या डब्यात ढकलून सगळं स्वयंपाकघर बळकावून बसली. पेन्शनरांना ही गोष्ट मी मोठ्या रंगात सांगायचे. त्या दिवशी मात्र ती वाचताना मला वेगळीच कुणीतरी डोळ्यांसमोर दिसत होती.

आमचे ग्रंथपाल गुंडोपंत साने समोरच बसायचे. त्यांना विचारलं, "काका, चिमरं हा शब्द ऐकलाय कधी?"

"कुठं वाचलात?"

"वाचला नाही, ऐकला."

"मग बोलीतला असणार," ते चष्मा पुसत म्हणाले. "बोलीतला शब्द पुस्तकातून येत नाही, प्रमिलाबाई. तो माणसाबरोबर येतो. ज्याच्या तोंडी ऐकलात, त्याला कुणी शिकवला ते बघा. म्हणजे गाव सापडेल."

गाव मला लगेच सापडलं. लग्नाआधी हे दोन वर्षं यवतमाळला होते. आणि सहा महिन्यांपूर्वी तिथूनच बदलून ह्यांच्या ऑफिसात एक बाई आली होती. कुमुद भोयर. ट्रेसर होती; ह्यांनी काढलेले नकाशे ती पारदर्शक कागदावर गिरवायची. दोघांची टेबलं शेजारी शेजारी. तिच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचं कौतुक मी आठवड्यातून एकदा तरी ऐकत होते. "तिच्या हातच्या भाजीनं घाम फुटतो," हे सांगायचे. मला त्या भाजीच्या आधीच मिरच्या झोंबायच्या.

हिशेब माझ्या डोक्यात चोख बसला. दोन वर्षं यवतमाळ, घाम फोडणारी भाजी, आणि कोशात नसलेला शब्द. मी तिला रविवारी जेवायला बोलावलं.

"तिला कशाला?" हे म्हणाले.

"का, नको? नवीन गावात एकटी राहते बिचारी."

"एकटी कुठे, वडील असतात बरोबर."

"मग त्यांनाही आणा," मी म्हटलं. हे माझ्याकडे जरा बघत राहिले.

वडिलांचे गुडघे धरले होते, म्हणून ती एकटीच आली. तिशीच्या आतबाहेरची, काळीसावळी, दात जरा पुढे. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. दिसायला बेताची असून नवऱ्याला आवडते म्हणजे गोष्ट आणखीच खोल आहे, असं मला वाटलं. मत्सराला कशाचंही निमित्त चालतं. ती ह्यांना "भाऊ" म्हणत होती, तेही मी मनातल्या मनात खोडून काढलं. भाऊ म्हणायला काय जातं?

मी मटणाचा रस्सा केला होता, आणि मुद्दाम वांग्याची भाजीही. दोन्हींत तिखट दीडपट. ताटं वाढली आणि वाट बघत बसले. पहिल्या घासाला ह्यांच्या कपाळावर घाम आला. कुमुदनं नाक ओढलं आणि हसून म्हणाली, "वहिनी, आमच्या यवतमाळले हरवलं जी तुम्ही."

"तुमच्याकडे अशा तिखटाला काय म्हणतात?" मी विचारलं.

"तिखटाले? तिखटच म्हणते."

"दुसरा काही शब्द असेल ना. डोळ्यांत पाणी येतं, पण हात थांबत नाही, असल्या तिखटाला?"

हे घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. ते बघणं मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही.

"आठवत नाही? मग मीच सांगते," मी म्हटलं. "चिमरं. आमच्या ह्यांना फार आवडतो तो शब्द. तुमच्याच गावचा ना?"

कुमुदला काही कळेना. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग तिला एकदम हसूच फुटलं. "चिमरं? हे चिमरं काय असते जी? चिमरं!" तिनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. जीभ अडखळायची आणि ती पुन्हा हसायची. "भाऊ, हे कुठून काढलं तुम्ही? लहान पोरावानी बोलता अन् काय!"

तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण ह्यांचा चेहरा पाहून मी गप्प झाले. माणसाच्या खिशातली एखादी वस्तू चारचौघांत बाहेर काढून उलटीसुलटी करून बघावी, तसं काहीतरी झालं होतं. घास त्यांनी ताटात ठेवला, पाणी ओतून हात धुतला आणि उठून बाहेर गेले. रस्सा तसाच राहिला.

कुमुद गेल्यावर भांडण झालं. म्हणजे भांडले मीच.

"एवढं काय झालं उठून जायला?" मी म्हटलं. "तिच्यासमोर चोरी पकडली म्हणून?"

"तिचा काय संबंध?"

"मग कुणाचा संबंध? कुणी शिकवला तो शब्द?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "तुला सांगण्यासारखं नाही ते."

हे वाक्य मी किती दिवस उगाळलं असेन, त्याची गणती नाही. तुला सांगण्यासारखं नाही! म्हणजे आहे. कुणीतरी आहे, आणि माझ्यापेक्षा जवळचं आहे. रागानं माझा नुसता तीळपापड झाला. मी म्हटलं, "ज्या बाईनं शिकवला तिच्याच हातचं जेवा मग. माझ्या घरात तो शब्द पुन्हा नको."

"बरं," ते म्हणाले.

आणि खरंच तो शब्द पुन्हा आला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जेवण एक तर तिखट झालेलं असे, नाही तर तिखट नसे. तिसरं काही नव्हतं. ते हसूही गेलं. मी जिंकले होते, आणि जिंकून रोज एकटीच जेवल्यासारखी जेवत होते. माहेरी निघून जावं असं तीनदा मनात आलं. एकदा तर पिशवीही भरली होती.

चैत्रात वर्षाचं तिखट करायला मी सासरी गेले. कराडजवळ गाव. थोरले दीर आणि जाऊबाई दुपारी रानात असायचे, घरी आम्ही दोघीच. मी आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई बोलायला कमी आणि हाताला जलद. अंगणात जुनी लुगडी अंथरून त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. रंगाला बेडगी, जाळाला लवंगी. आम्ही तोंडाला पदर बांधून देठं खुडत बसलो होतो. दोघींच्या मध्ये लाल ढीग आणि अंगणभर ठसका.

मी गेले होते ती नुसती तिखटासाठी नव्हे. ह्यांची तक्रार करायची, हे ठरवूनच गेले होते. दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं.

"आत्याबाई, एक विचारू? राग मानू नका."

"इच्यार की."

"यवतमाळला असताना ह्यांचं काही होतं का?"

"काई म्हंजी?"

"म्हणजे... बाईचं."

त्यांनी तोंडावरचा पदर खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर्जाचं? येडी का खुळी तू?"

मी सगळं सांगितलं. थोडं तिखटमीठ लावूनही सांगितलं. कुमुद, तिचा डबा, शेजारची टेबलं. आत्याबाई मान हलवत देठं खुडत राहिल्या. एकाही गोष्टीनं त्यांचा हात थांबला नाही.

"भाजी ग्वाड लागली म्हून बाय हुती का त्याची?" त्या म्हणाल्या. "उद्या हाटेलात चा प्यायला तर म्हनशील."

"मग चिमरं हा शब्द त्यांना कुणी शिकवला?"

आत्याबाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"काय म्हनलीस?"

"चिमरं. काही तिखट लागलं की म्हणतात."

"कोन म्हनतं?"

"हे."

"सर्जा?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आजून म्हनतो?"

डोळे भरून आले तसा त्यांनी हात उचलला, आणि तो मिरच्यांचा हात आहे हे ध्यानात येऊन तिथेच थांबवला. मग दंडाला डोळे घासले. मीही पुढं होऊन पुसू शकले नाही. माझेही हात तसलेच.

"आमाला एक पोर हुती," त्या म्हणाल्या. "सर्जाच्या पाठची. सगुना. सगू."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वेळी घरातली सगळी माणसं मोजून दाखवली होती. तिचं नाव ह्यांनी काढलं नाही, दिरांनी नाही, कुणीच नाही.

"मला माहीत नव्हतं, आत्याबाई."

"कोन सांगंल? म्याच बंदी घातलीया तिच्या नावाची." त्या ढिगाकडे बघत बोलायला लागल्या. "मिरची म्हनाया यायचं न्हाई तिला. चिमरी म्हनायची. आन् तिखाट लागलं की चिमरं. चार वर्साची पोर, पन सर्जाच्या ताटात बसून ठेचा मागायची. डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी, आन् वर म्हनायची, दादा, चिमरं हाय, आनखी दे. समदं घर हसायचं. मग आमीबी तसंच म्हनाया लागलो. मालक, थोरला, समदी. रानातनं आलं की मालक इच्यारायचं, आज कोरड्यास चिमरं हाय का?"

मिरची, चिमरी. मी ज्या मिरचीची कुळकथा पेन्शनरांना ऐकवत होते, तीच उलटी होऊन दोन महिने माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, आणि मला ओळखता आली नाही. कोशात शोधत होते मी. चार वर्षांच्या पोरीचा कोश कोण छापणार?

"घटसर्प झाला तिला," आत्याबाई म्हणाल्या. "घसाच मिटला. आठ दिसांत गेली."

त्यांनी पुन्हा एक मिरची उचलली, पण देठ खुडलं नाही.

"पंदरा-ईस दिसांनी माझा भाऊ आलता भेटाया. म्हून रस्सा केला हुता. समदी जेवाया बसली, पन घास कुनाच्या घशाखाली जाईना. सर्जा नऊ वर्सांचा. त्यानं माज्याकडं बघितलं, आन् म्हनला, आये, चिमरं झालंय बघ." त्यांनी ओठ दाबून धरले. "मला हसवाया म्हनला आसंल गं. मला बरं वाटावं म्हून. आन् म्या समद्यांच्या म्होरं त्याच्या थोबाडीत मारली. म्हनलं, पुन्यांदा त्यो शबूद काडलास तर जीब हासडीन तुजी."

"मग?"

"मग काय. न्हाई काडला. हाताच्या बोटागत पोरगं, त्यानं ऐकलं. आज ईस-बावीस वर्सं झाली, या घरात त्यो शबूद न्हाई. मला वाटलं इसरला. बरं झालं म्हनलं, इसरला."

अंगणात एक कोंबडी लुगड्याच्या काठावर चढली. नेहमी आत्याबाईंनी तिला हाकललं असतं. आज त्यांचं लक्ष नव्हतं.

"प्रमिले," त्या म्हणाल्या, "कसा म्हनतो त्यो? म्हून दाकीव."

मी म्हणून दाखवलं. "वा, आज अगदी चिमरं झालंय."

"पुन्यांदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी माझाच आवाज फुटला.

आत्याबाई मात्र हसत होत्या. तेच हसू, ह्यांच्या तोंडावर यायचं ते. आता ते कुणाकडे जात होतं, हे मला कळलं. "इतकी वर्सं पोटात धरून ठेवला हुता गं त्यानं," त्या म्हणाल्या. "आन् तुज्याम्होरं काडला. ह्या घरात काडला न्हाई, माज्याम्होरं काडला न्हाई. तुज्यापाशी जीव निवांत झाला आसंल त्याचा." आणि मग जरा घाबरत, परवानगी विचारल्यासारखं, "म्हनतो न्हवं आजून?"

"हो," मी म्हटलं. "म्हणतात की."

मी खोटं बोलले. दुसरं काय बोलणार होते? आईनं एकदा ह्यांची जीभ बांधली होती. बावीस वर्षांनी ती गाठ माझ्या स्वयंपाकघरात आपोआप सुटली होती, आणि मी यवतमाळची एक भोळी बाई पंगतीला बसवून ती पुन्हा आवळली होती. तो शब्द बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं. त्याला मी 'माझ्या घरात नको' म्हटलं होतं.

सांगलीला परतले ते नव्या तिखटाचा डबा घेऊन. ह्यांना काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्याच दिवशी पाट्यावर लवंगी मिरचीचा ठेचा केला, भाकरी थापली, ताट वाढलं आणि समोर बसले. ह्यांनी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. हातही थांबला नाही.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"तिखट झालाय. छान आहे."

दुसऱ्या दिवशी आणखी तिखट केला. तिसऱ्या दिवशी त्याहून. एका आठवड्यात मी बिचाऱ्यांच्या पोटाची पार वाट लावली. शेवटी त्यांनीच ताट जरा मागं सारलं आणि म्हणाले, "काय चाललंय तुझं?"

"मला कळलंय," मी म्हटलं. "सगूचा शब्द."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आईनं सांगितलं?"

"हो."

"आई स्वतःहून बोलली? तिचं नाव घेतलं?"

"घेतलं. रडल्या, आणि हसल्याही."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं की."

"चोरी पकडल्यासारखं विचारलं होतंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आणि सांगायचं काय? कसं सांगायचं, तेच मला येत नव्हतं. तिच्याबद्दल कधी बोललोच नाही कुणाशी."

"माझं चुकलं."

"असू दे."

"पुन्हा म्हणाल का?" मी विचारलं. "एकदा तरी. माझ्यासाठी."

त्यांनी ठेच्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणणार. ओठ हललेही. मग ते कसंनुसं हसले आणि म्हणाले, "असं ठरवून नाही गं म्हणता येत. तो आपला यायचा."

कुमुदची मी घरी जाऊन माफी मागितली. तिला कशाची ते शेवटपर्यंत समजलं नाही. तिनं वडिलांशी ओळख करून दिली आणि वांग्याची भाजी वाढली. भाजी खरोखरच माझ्यापेक्षा चांगली होती. पुढं ती बदलून गेली.

आमचा संसार नीट झाला. दोन मुलं झाली. तीही लहानपणी शब्द उलटेसुलटे करायची, आणि आम्ही दोघं त्यांना हसायचो. एकदा धाकटी मिरचीला "मिच्ची" म्हणाली तेव्हा ह्यांनी तिला उचलून पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी मुद्दाम भाकरीकडे बघत राहिले. पण तो शब्द काही आला नाही. मी वाट बघणं सोडून दिलं असं म्हणायचे. सोडलं मात्र नव्हतं. ठेचा करायचा, ताट वाढायचं, समोर बसायचं, आणि पहिल्या घासाला त्यांच्या तोंडाकडे बघायचं. सोळा वर्षं मी हे केलं.

सतराव्या वर्षी आत्याबाईंना आम्ही सांगलीला आणलं. पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि मग हळूच म्हणाले, आता मागतील ते द्या. त्या काहीच मागत नव्हत्या. तोंडाला चवच नाही म्हणायच्या. भाताची पेज दोन चमचे घ्यायच्या आणि मान फिरवायच्या.

त्या दिवशी दुपारी हे सुट्टी काढून घरी होते. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन निघाले. आत्याबाईंच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. हे खाटेच्या काठावर बसले होते. एका हातात पेजेची वाटी. दुसऱ्या हाताच्या बोटावर त्यांनी ठेच्याचा नखाएवढा कण घेतला होता. तो त्यांनी आईच्या जिभेवर ठेवला.

आत्याबाईंचा चेहरा एकदम आवळला. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि सुरकुत्यांतून कानाकडे गेलं.

"आये," हे म्हणाले, "चिमरं लागतंय का गं?"

त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं. तो आपला आला होता.

आत्याबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला. जिथं मारलं असेल तिथंच ठेवला असेल. मग तोंड पुन्हा उघडलं.

"चिमरं हाय," त्या म्हणाल्या. "आनखी दे."

मी दारातच थांबले. आत जाण्यासारखं नव्हतं. मला रडू आलं, समाधानही वाटलं, एवढ्या वर्षांचं एक ओझं उतरलं, हे सगळं खरं. पण सगळं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते, की त्या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी, मला झोंबलं. सोळा वर्षं मी समोर बसून वाट बघितली होती. आणि ठेचा माझ्या हातचा होता.